प्रजासत्ताक दिनाला शालेय समूहगानाचे संचालन : मैदानावर उभे राहताना काय पाहावे?

षड्जपंचम

नमस्कार. जूनपासून मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत संगीत शिक्षिका म्हणून रुजू झाले आहे. माझे विशारदपर्यंतचे शिक्षण कंठसंगीतातले आहे. बैठकीत गाणे, पेटीवर साथ करणे आणि वर्गात मुलांकडून पलटे घोकून घेणे या गोष्टी अंगवळणी पडलेल्या आहेत. मात्र अख्ख्या गावासमोर उभे राहून, केवळ हातांच्या खुणांनी साठ मुलांकडून गाऊन घेणे कोणत्याच परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हते. येत्या २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर राष्ट्रगीत, राज्यगीत आणि एक देशभक्तिपर समूहगीत होणार आहे. आजवर इथे पेनड्राइव्हवरचा ट्रॅक लावून मुले त्याच्यामागे गात असत. यंदा सर्व काही प्रत्यक्ष गाऊन घ्यावे अशी मुख्याध्यापकांची इच्छा आहे आणि मलाही तेच हवे आहे.

साथीला पेटी, ढोलकी आणि झांज आहे. पेटी मी स्वतः वाजवावी की एखाद्या विद्यार्थिनीकडे सोपवून आपण समोर उभे राहावे, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे कोणता सूर 'सा' मानून गायचे याचा आहे, कारण पाचवीच्या मुली आणि नववीचे मुलगे एकाच गटात आहेत. तिसरा प्रश्न थोडा संकोचाचा आहे. पाहुण्यांकडे, ग्रामस्थांकडे आणि मुख्य म्हणजे ध्वजाकडे पाठ करून उभे राहणे आपल्याकडे योग्य दिसते का? शाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तसे बोलून दाखवले आहे. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_पेटी

ताई, अभिनंदन. अनेक शाळांत संगीत शिक्षकाचे पदच उरलेले नाही, तिथे तुमच्या मुख्याध्यापकांनी ट्रॅक बंद करायचे ठरवले हे ऐकून बरे वाटले. मी पुण्यात शाळेत संगीत शिकवत असे आणि आता निवृत्त आहे.

पेटीचा निर्णय आधी घ्या, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यात आणि दुसरा पट्ट्यांवर गुंतलेला असतो, त्यामुळे मुलांना खूण करायला फक्त मान उरते. वर्गात मानेने भागते. साठ मुलांच्या मागच्या रांगेला मैदानावर ती मान दिसत नाही. एखादी आठवी-नववीतली मुलगी सरळ चाल वाजवू शकत असेल तर तिच्याकडे पेटी द्या. तिने हरकती, मुरक्या, मधल्या जागा यांच्या वाटेला जाऊ नये. सूर धरून ठेवला तरी तिचे काम झाले. तशी मुलगी नसेल तर मात्र हट्ट धरू नका. तुम्ही पेटीवर बसा आणि ढोलकीवाल्याला मुलांच्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचा हात पाहून सम (तालाची पहिली मात्रा) सांभाळली जाईल.

समूहगान ही काही आपल्याकडे उपरी गोष्ट नाही. संगीतकार वसंत देसाई यांनी चित्रपटांचे काम सांभाळून शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी 'एक सूर एक ताल' हा उपक्रम चालवला आणि त्यात हजारो मुले एकत्र गात असत. इतक्या मुलांना एका पेटीचा आवाज पुरणे शक्यच नव्हते; समोर कोणीतरी दिसणे भाग होते. त्यामुळे हात दाखवून गाऊन घेणे म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कल, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

पट्टीविषयी सांगते. तुमच्या समूहगीताचा विस्तार मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या 'प'पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) असेल, आणि बहुतेक गीतांचा तेवढाच असतो, तर काळी दोन धरा, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी 'सा' माना. मग सर्वांत खालचा सूर मंद्रातल्या काळी पाचवर येतो आणि सर्वांत वरचा सूर वरच्या सप्तकातल्या काळी दोनवर. पाचवी-सहावीच्या मुलींना हे दोन्ही टोकांना झेपते. तुम्ही स्वतः काळी चारमध्ये गात असाल तर तीच पट्टी मुलांना देण्याचा मोह होईल, तो टाळा. ती त्यांच्या गळ्याला बसणार नाही. नववीच्या मुलांचा कंठ फुटत असतो, त्या काळात स्वरयंत्र वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो. त्यांना तोच सूर खालच्या सप्तकात गाऊ द्या. ज्याचा आवाज दोन्हीकडे अडकतो, त्याला झांज द्या आणि शब्द हळू म्हणायला सांगा, पण गटातून काढू नका.

वसईकर

निवृत्त_पेटी ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. मी वसईचा. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) मराठी उपासनेतील गायनवृंदाचे संचालन बरीच वर्षे करतो आहे, म्हणून हातांविषयी थोडे लिहितो.

पाश्चात्त्य पद्धतीत चार मात्रांसाठी हात खाली, आत, बाहेर आणि वर असा जातो. ही आकृती शिकायला दहा मिनिटे लागतात आणि नवा संचालक त्यानंतर सगळे लक्ष तिच्यावरच ठेवतो. मुलांना तिचा फारसा उपयोग नसतो. त्यांना तुमच्याकडून खरोखर चारच गोष्टी हव्या असतात : श्वास केव्हा घ्यायचा, पहिले अक्षर केव्हा उच्चारायचे, धृपदाकडे केव्हा परतायचे आणि शेवटचा सूर केव्हा सोडायचा. मधली लय ढोलकी धरून ठेवते.

यांतली पहिली खूण सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते. गीत समेवर सुरू होत असेल, तर समेच्या आधीच्या मात्रेला तुमचा हात वर जायला हवा, आणि त्याच वेळी तुम्ही स्वतः तोंड उघडून श्वास घ्यायला हवा. मुले हाताकडे पाहतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती तोंडाकडे पाहतात. तुम्ही श्वास ज्या गतीने घ्याल त्याच गतीत गीत सुरू होते. घाबरून चटकन श्वास घेतला तर गीत पळते, आणि नंतर कितीही हात दाबून खुणावले तरी ढोलकीवाला ऐकत नाही. त्यामुळे उभे राहिल्यावर आधी मनातल्या मनात धृपदाची एक ओळ हव्या त्या लयीत म्हणावी आणि मगच हात उचलावा.

हात कंबर आणि डोळे यांच्या मधल्या पट्ट्यात राहू द्या. त्याहून खाली गेला की मागच्या रांगेला दिसत नाही, आणि वर गेला की मुले ओरडू लागतात, कारण मोठा हात म्हणजे मोठा आवाज असे ती आपसूक धरतात.

मैदानप्रमुख

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि आमच्या शाळेत ध्वजवंदनाची व्यवस्था माझ्याकडे असते. वरील मार्गदर्शन उत्तम आहे, परंतु राष्ट्रगीताच्या बाबतीत मला स्पष्टपणे वेगळे सांगायचे आहे. ध्वज फडकल्यानंतर राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा उपस्थित सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान स्थितीत उभे राहायचे असते. त्या वेळी शिक्षिका ध्वजाकडे पाठ करून हात हलवत असतील, तर ते शिस्तीला धरून नाही. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

वसईकर

सर, आपला मुद्दा आदराने मान्य करूनही एक शंका विचारतो. लष्करी बँड राष्ट्रगीत वाजवतो तेव्हा त्याचा संचालक वाद्यवृंदासमोर उभा राहून हातातील छडीने लय देतच असतो. तिथे कोणालाही तो अनादर वाटत नाही. गाणाऱ्या मुलांना एकत्र ठेवणे हाही त्या गीताचा मानच आहे.

मैदानप्रमुख

लष्करी बँडच्या संचालकाचे ते नेमून दिलेले कर्तव्य आहे, आणि त्याची जागा व हालचाल ठरलेली असते. शाळेच्या मैदानावर पालक आणि ग्रामस्थ पाहत असतात. त्यांच्या नजरेला जे खटकते त्यावरून दुसऱ्या दिवशी शिक्षिकेलाच ऐकून घ्यावे लागते, ही व्यावहारिक बाजूही ध्यानात घ्यावी. कायद्याचा हा प्रश्न आहे असे मी म्हणत नाही, संकेताचा आहे.

मार्गही सुचवतो. मुलांच्या रांगा ध्वजाकडे तोंड करूनच उभ्या असतील. ताईंनी पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला, रांगेच्या एक पाऊल पुढे, स्वतःही ध्वजाकडे तोंड करून उभे राहावे. पेटीने षड्ज दिल्यावर फक्त हनुवटी किंचित उचलून श्वास घ्यावा आणि स्वतः पहिले अक्षर खणखणीत गावे. राष्ट्रगीत मुलांना तोंडपाठ असते, त्याला मधल्या खुणांची गरज नाही. ते संपल्यानंतर विश्राम झाला की ताईंनी समोर येऊन पुढील दोन्ही गीते हाताने घ्यावीत.

निवृत्त_पेटी

मैदानप्रमुख सरांचा तोडगा मला पटला. त्याला एवढीच जोड देते की राष्ट्रगीताची लय सरावातच घड्याळ लावून पक्की करा. पूर्ण राष्ट्रगीताचा अवधी सुमारे ५२ सेकंदांचा आहे. शाळांत ते रेंगाळत पुष्कळ लांबते, कारण प्रत्येक मूल शेजाऱ्याचे ऐकून मग गाते, आणि शेजारीही तेच करत असतो. सरावात रोज घड्याळाकडे पाहून म्हटले की ती लय मुलांच्या अंगात बसते. राज्यगीताचेही तसेच आहे. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेले हे गीत शाहीर साबळे यांच्या आवाजात घराघरांत पोहोचले, आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झाले. त्याच्या स्वीकृत दोन चरणांचा अवधी १ मिनिट ४१ सेकंद आहे. मुले मूळ ध्वनिमुद्रण ऐकून शाहिरांची पट्टी आणि फेक दोन्ही उचलतात. फेक ठेवा, पट्टी मात्र मुलांच्या गळ्याप्रमाणे उतरवा. जोर शब्दांच्या उच्चारातून आला पाहिजे, गळा ताणून आलेला जोर दुसऱ्या चरणापर्यंत टिकत नाही.

ध्वनीवाला

मी मंडपाची आणि स्पीकरची कामे घेतो, त्यामुळे शाळांचे असे कार्यक्रम दरवर्षी पाहतो. सूर-तालात मला गती नाही, पण मैदानावर समूहगान कुठे फसते ते मी जवळून पाहिलेले आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुमच्या मैदानाच्या फाटकावर मुलांपासून ३४ मीटर अंतरावर कर्णा बांधला असेल, तर त्यातून निघालेला आवाज मुलांच्या कानांवर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा येतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. मात्र गीताची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते आणि उशीर मात्रेच्या पाचव्या हिश्श्याचा होतो. मुलांना आपलाच आवाज मागून येताना ऐकू येतो, ती त्याला गाठण्यासाठी थांबतात, ती थांबली की कर्ण्यातला आवाज आणखी मागे पडतो, आणि दोन कडव्यांत गीत बैलगाडीच्या चालीवर येते. संचालन करणाऱ्या बाईंना वाटते की ढोलकीवाला ढेपाळला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. समूहगानापुरते लांबचे कर्णे बंद ठेवायला सांगा, किंवा त्यांची पाठ मुलांकडे आणि तोंडे लोकांच्या दिशेने करून घ्या. मुलांच्या पुढ्यात एक छोटा स्पीकर ठेवून त्यात फक्त पेटी आणि ढोलकी सोडली तर फार बरे.

दुसरी गोष्ट माईकची. चांगल्या गाणाऱ्या दोन मुलींच्या हातात माईक दिले की मैदानाला फक्त त्या दोघीच ऐकू येतात आणि मागची सगळी मुले चित्रातली होतात. त्याऐवजी स्टँडवर दोन माईक लावा, मुलांच्या डोक्यांच्या थोडे वर आणि पहिल्या रांगेपासून दोन-तीन फुटांवर. मुलांपासून माईकचे जे अंतर असेल, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवा. नाही तर दोन्हींत तोच आवाज शिरून पोकळ ऐकू येतो. माईक शिट्टी मारू लागला तर आवाज कमी करण्याआधी तो स्पीकरच्या तोंडासमोर आला आहे का ते पाहा.

आणि ताई, सराव एकदा तरी त्याच मैदानावर, त्याच वेळी, स्पीकर लावून घ्या. वर्गात भिंतींमुळे मुलांना एकमेकांचे ऐकू येते, उघड्यावर आवाज विरून जातो आणि धीट मुलेही गोंधळतात.

पालक_पाचवी

माझी मुलगी शाळेच्या अशाच गटात आहे. सगळे वाचून आनंद झाला, तरी एक व्यावहारिक शंका राहते. एवढा सगळा धोका पत्करण्याऐवजी ट्रॅक लावणे सोपे नाही का? पालकांना शेवटी मुले नीटनेटकी गाताना पाहायची असतात.

निवृत्त_पेटी

ट्रॅक सोपा आहे हे खरे. पण ट्रॅकची पट्टी मोठ्या गायकाची असते, मुलांची नसते. आणि मुले एक ओळ चुकली तर पेटीवाली थांबते, ट्रॅक थांबत नाही. शिवाय ट्रॅक असला की संचालन करणाऱ्या शिक्षिकेलाच त्याच्यामागे धावावे लागते, मग समोर उभे राहून उपयोग काय? मुलांनी सुरात गाणे महत्त्वाचे की नीटनेटके दिसणे महत्त्वाचे, यावर आपले मतभेद असू शकतात. माझे मत उघड आहे.

मैदानप्रमुख

एक गोष्ट राहिली. सकाळी आठच्या सुमाराला जानेवारीतले ऊन आग्नेयेकडून अगदी आडवे येते. मुलांची तोंडे त्या दिशेला असतील तर ती डोळे मिचकावत राहतात आणि समोरच्या शिक्षिकेचा हात त्यांना नुसता काळा दिसतो. ध्वजस्तंभ हलवता येत नाही, पण समूहगीतासाठी रांगा थोड्या तिरक्या वळवता येतात. सरावाच्या दिवशीच चुन्याने खुणा करून ठेवा.

षड्जपंचम

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्यंतरी सराव आणि नंतर प्रत्यक्ष कार्यक्रम यांत वेळ गेला. कार्यक्रम पार पडला; पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

पेटी नववीतल्या एका विद्यार्थिनीकडे दिली. तिला फक्त धृपद आणि कडव्याची चाल सरळ वाजवायला लावली. पट्टी काळी दोनच ठेवली. राष्ट्रगीताला मैदानप्रमुख सरांनी सांगितल्याप्रमाणे रांगेच्या उजव्या टोकाला ध्वजाकडे तोंड करून उभी राहिले आणि फक्त श्वास दिला. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नंतर काहीच म्हटले नाही, त्यावरून ते समाधानी असावेत असे मी समजते.

पाहुणे उशिरा आले. मुले रांगेत बराच वेळ उभी होती, दव पडल्यामुळे ढोलकीचे चामडे सैल होऊन सूर उतरला होता आणि ती मुलांच्या पट्टीत लागेना. ढोलकीवाल्या मुलाने ती उन्हात नेऊन धरली आणि मग कड्या पुन्हा ओढून सुरात आणली. त्या अवधीत मी मुलांकडून तोंड मिटून षड्ज धरून घेतला. त्याने गळे गरम राहिले आणि चुळबुळही थांबली.

राज्यगीत ठरल्याप्रमाणे झाले. खरी कसोटी समूहगीताच्या दुसऱ्या कडव्यात लागली. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी कौतुकाने टाळ्यांचा ठेका धरला आणि त्यांचे पाहून सगळे मैदान टाळ्या वाजवू लागले. ध्वनीवाला दादांनी सांगितलेले गणित मी कर्ण्यांसाठी वापरले होते, पण ते लोकांच्या टाळ्यांनाही लागू पडते; मागच्या टोकाच्या टाळ्या उशिरा पोहोचत होत्या आणि पहिली रांग त्यांच्याकडे ओढली जात होती. अशा वेळी हात मोठा करावासा वाटतो. मी उलट तो लहान केला, छातीजवळ आणला आणि फक्त समेला दाखवला. त्यामुळे मुलांना माझ्याकडे निरखून पाहावे लागले. ढोलकीवाल्याला आधीच सांगून ठेवले होते की कानांवर काहीही पडले तरी डोळे माझ्या हातावर ठेवायचे; त्याने ते तंतोतंत पाळले. तिसऱ्या कडव्याला मुले पुन्हा एकत्र आली. टाळ्या आपल्या वेगळ्या लयीत शेवटपर्यंत चालू होत्या आणि त्याला माझा इलाज नव्हता.

शेवटचा सूर सोडण्याची खूण आम्ही सरावात मूठ मिटण्याची ठरवली होती. नववीच्या मागच्या रांगेतल्या दोघांनी मूठ मिटल्यावरही सूर लांबवला आणि नंतर स्वतःच हसले. त्यांचा खालच्या सप्तकातला आवाज मात्र छान भरीव लागला होता, अनेक पालकांनी तो वेगळा जाणवल्याचे सांगितले.

आता महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन समोर आहे. मुख्याध्यापकांना त्या दिवशी समूहगीत दोन गटांत हवे आहे, म्हणजे एक गट धृपद धरील आणि दुसरा गट वर वेगळी सुरावट गाईल. मला पाश्चात्त्य स्वरमेळाचा अनुभव नाही. मुलांना झेपेल असे काही सोपे सुचवाल का?

वसईकर

अभिनंदन, ताई! टाळ्यांच्या वेळी हात लहान करणे अनुभवी संचालकांनाही वेळेवर सुचत नाही.

दोन गटांसाठी लगेच स्वरमेळाच्या मागे लागू नका. पहिली पायरी म्हणजे एका गटाने फक्त षड्ज आणि पंचम 'आ'कारात धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने चाल गायची. तुमच्या मुलांना तानपुऱ्याची सवय आहे, त्यामुळे हे त्यांना परके वाटणार नाही. दुसरी पायरी म्हणजे तीच ओळ दुसऱ्या गटाने चार मात्रा उशिरा सुरू करायची. मात्र प्रत्येक चाल यासाठी चालत नाही, आधी पेटीवर दोन हातांनी वाजवून कुठे खटकते ते पाहावे लागते. संचालनात मग डावा आणि उजवा हात वेगवेगळ्या गटांना द्यावा लागेल. त्याचा सराव मुलांशिवाय, आरशासमोर करा.

निवृत्त_पेटी

मे महिन्यात परीक्षा संपलेल्या असतात आणि निम्मी मुले मामाच्या गावाला गेलेली असतात, हे मुख्याध्यापकांना आताच सांगून ठेवा. त्या दिवशी कोण हजर राहणार याची यादी एप्रिलच्या सुरुवातीलाच करा आणि दोन्ही गट त्यावरूनच पाडा. गीताची स्वरलिपी इथे लिहून टाकलीत तर षड्ज-पंचमाचा गट कुठे बसतो आणि कुठे त्याला गप्प राहावे लागते, ते मी ओळीओळीवर खुणा करून देईन.